बेळगावातल्या जुन्या घराची किंमत मशीन लर्निंगने काढलेली धरावी का?

खासबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. खासबागेत आमचं वडिलोपार्जित घर आहे. पुढे दोन खोल्या, मागे पूर्वीचा कापड विणायच्या मागांचा हॉल (तिथे आता भाडेकरू आहेत) आणि परसात विहीर. आम्ही तिघं भावंडं. थोरला भाऊ घरातच राहतो. त्याने घर ठेवायचं आणि मला व बहिणीला हिश्श्याचे पैसे द्यायचे, इथपर्यंत कुणाची हरकत नाही. घोडं अडलंय किमतीवर.

एजंटचा आकडा सगळ्यात वर. बँकेच्या पॅनेलवरच्या मूल्यांककाचा त्याच्या खाली. गायडन्स व्हॅल्यूने (नोंदणीसाठी सरकारने ठरवलेल्या दराने) हिशेब केला तर आणखी खाली. त्यात भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने रँडम फॉरेस्ट, एक्सजीबूस्ट आणि साधं लिनियर रिग्रेशन अशी तीन मॉडेलं एकत्र करून घराची किंमत काढली. तो आकडा गायडन्स व्हॅल्यूच्या अगदी जवळ आला. भाऊ म्हणतो, कॉम्प्युटर कुणाच्या बाजूचा नसतो, हाच आकडा धरूया. भाच्याने मेहनत मनापासून केली आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण आकडा मला पटत नाही, आणि का पटत नाही हे चारचौघांत मांडता येत नाही.

जाणकारांनी सांगावं. अनेक मॉडेलं एकत्र केली म्हणजे उत्तर खरं होतं का?

लॉग_स्केल

मूळचा हिंदवाडीचा, सध्या पुण्यात याच क्षेत्रात नोकरी.

अनेक मॉडेलं एकत्र करण्याला एन्सेम्बल म्हणतात. आधी ते काय ते सांगतो. १९०६ साली इंग्लंडात प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं वजन ओळखायची स्पर्धा होती. कापून साफ केल्यावर मांस किती भरेल, ते लिहून द्यायचं. फ्रान्सिस गाल्टनने नंतर ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. एकेकट्याचे अंदाज बरेच इकडेतिकडे होते, पण सगळ्यांच्या मधोमध येणारा अंदाज निघाला १२०७ पौंड आणि प्रत्यक्ष वजन भरलं ११९८. कुणी जास्त सांगतो, कुणी कमी, आणि चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

रँडम फॉरेस्टचं तत्त्व हेच. लिओ ब्राइमनने २००१ मध्ये ते मांडलं. प्रत्येक निर्णयवृक्षाला (एकेका प्रश्नाच्या फाट्याने उत्तराकडे नेणाऱ्या 'झाडाला') नोंदींचा वेगळा नमुना देतात आणि प्रत्येक फाट्यावर थोड्याच गोष्टी बघायला देतात, म्हणजे सगळी झाडं एकसारखा विचार करत नाहीत. शेवटी सरासरी. एक्सजीबूस्टची तऱ्हा वेगळी. पहिलं झाड जिथे चुकलं ती चूक दुसरं झाड शिकतं, उरलेली तिसरं, असं पुढे. घरांच्या किमतीसारख्या तक्त्यातल्या माहितीवर या दोन्ही पद्धती चांगल्या चालतात.

पण या सगळ्याला अट एकच, चुका एकमेकींपासून वेगळ्या हव्यात. म्हणून माझा पहिला प्रश्न: भाच्याने मॉडेलला शिकवायला किमती आणल्या कुठून?

दुसरे_गेट

मी टिळकवाडीत जागांचे व्यवहार बघतो. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पार्टी समोर बसल्याशिवाय भाव ठरत नाही. एकाच गल्लीत समोरासमोरची दोन घरं, एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं दक्षिणेला. दक्षिणेच्या घराला गिऱ्हाईक थांबतच नाही. हे तुमच्या झाडांना कोण सांगणार?

लॉग_स्केल

@दुसरे_गेट, दिशेचा रकाना घातला की झाडं तेही शिकतात. रस्त्याची रुंदी, कोपऱ्याचा प्लॉट, मारुतीचं देऊळ समोर आहे का, सगळं घालता येतं. रकाना भरायला तुमच्यासारखा माणूस लागतो, हे मात्र खरं.

खासबागकर (धागाकर्ता)

भाच्याला विचारलं. ओळखीच्या बॉण्ड रायटरकडून (दस्त लिहून देणाऱ्याकडून) वडगाव, शहापूर, खासबाग, अनगोळ भागातल्या खरेदीपत्रांतल्या रकमा घेतल्या. नावं काढून टाकून फक्त क्षेत्रफळ, भाग, साल आणि किंमत. म्हणजे नोंदणीतल्या किमती.

कॅम्पातली_माया

मग झालंच की!

येळ्ळूर_शिवार

लॉग_स्केल साहेब, बैलाची गोष्ट आवडली. आमच्या घरात अजून जोडी हाय, म्हणून बोलतो. तिथं आठशे माणसांनी बैल डोळ्यांनी बघितला आणि आपापल्या अकलेनं वजन लिहिलं. समजा त्या बैलाच्या गळ्यात कुणी चुकीच्या वजनाची पाटी अडकवली असती, तर? निम्म्या लोकांनी पाटी वाचूनच चिठ्ठी टाकली असती की. मग आठशे काय आणि आठ हजार काय, सरासरी पाटीवरचीच येणार. आपल्याकडं खरेदीपत्रात जी रक्कम घालतात ती पाटी बघूनच घालतात. भाच्याच्या तिन्ही मॉडेलांनी पाटी वाचली.

लॉग_स्केल

येळ्ळूरकर, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत.

तांत्रिक भाषेत एवढंच जोडतो. मॉडेलची चूक दोन तऱ्हेची. एक विखुरलेली, कधी वर कधी खाली. दुसरी एकाच बाजूला झुकलेली. सरासरीने पहिली कमी होते, दुसरी तसूभरही हलत नाही. कर्नाटकात मुद्रांक शुल्क गायडन्स व्हॅल्यू आणि दस्तातली रक्कम यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. दस्तात गायडन्सपेक्षा कमी लिहून फायदा नाही आणि जास्त लिहिलं तर शुल्क जास्त, म्हणून रकमा त्या रेषेवर येऊन दाटतात. त्या रकमांवर शिकलेलं मॉडेल गायडन्स व्हॅल्यूचा तक्ता नव्याने पाठ करतं. भाच्याचा आकडा सरकारी दराजवळ आला याचं कारण हेच. मॉडेल बरोबर शिकलं, पण शिकायला दिलेली गोष्ट घराची बाजारातली किंमत नव्हती.

तपासायची सोपी रीत सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यात सुधारित गायडन्स दर लागू झाले. भाच्याला सांगा, सप्टेंबर २०२३ पर्यंतचे आणि ऑक्टोबरनंतरचे दस्त वेगळे काढून दर चौरस फुटाचा आलेख काढ. बाजारभाव एका रात्रीत पायरी चढत नाहीत. आलेखात त्या तारखेला पायरी दिसली, तर मॉडेल कशावर शिकलंय ते भावालाही डोळ्यांनी दिसेल, वाद घालायची गरज पडणार नाही.

मूल्यांकक_बेळगाव

वीसेक वर्षं मूल्यांकनाचं काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे तीन वाटा असतात. आसपासचे अलीकडचे व्यवहार बघून तुलना, जमीन अधिक बांधकामाचा खर्च वजा घसारा, आणि भाड्याच्या उत्पन्नावरून किंमत. खासबागच्या घरात तिन्ही लागू पडतात आणि तिन्हींची उत्तरं वेगळी येतील. मागाचा हॉल बांधकाम म्हणून जुना, घसारा लावला तर जवळजवळ शून्य. पण भाडं त्याच हॉलचं येतं. शिवाय बँकेच्या रिपोर्टात वाजवी बाजारमूल्याबरोबर सहज वसूल होणारं मूल्य आणि घाईच्या विक्रीचं मूल्यही लिहितो. कर्ज बुडालं तर बँकेला किती सुटतील, हा तिथला प्रश्न. भावंडांच्या वाटणीत कुणी घाईची विक्री करत नाहीये. तुमच्या हातातला रिपोर्ट कर्जासाठी केलेला असेल, तर त्यातलं नेमकं कोणतं मूल्य तुम्ही धरताय ते आधी बघा.

आता मॉडेलबद्दल. मी विरोधक नाही. पण कागद बघितल्याशिवाय जागेला किंमत नसते. सिटी सर्व्हेचा उतारा आहे का, ई-खाता (पालिकेच्या दफ्तरातली ऑनलाइन नोंद) झालाय का, ईसीवर (मिळकतीवरचे व्यवहार आणि कर्ज दाखवणाऱ्या दाखल्यावर) बोजा आहे का, जागा बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मंजूर लेआउटमधली की शेतजमिनीत गुंठ्यांनी पाडलेली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, दोन्हीकडे सारखाच, पण बिनशेती झालेला गुंठा आणि नुसत्या बॉण्डवर घेतलेला गुंठा यांचा भाव एका तक्त्यात लिहिता येत नाही. कॅम्पात तर आणखी गंमत. ओल्ड ग्रँटच्या बंगल्यात जमीन सरकारची आणि इमारत तेवढी ताबेदाराची. क्षेत्रफळ बघून मॉडेल त्याला राजवाड्याची किंमत देईल.

कॅम्पातली_माया

आमच्या शेजारी असाच बंगला आहे. आंब्याची झाडं मोजून किंमत सांगणारे येतात आणि कागद बघून निघून जातात. :)

निपाणी_नाका

मला एक शंका. आमच्या नात्यातले निम्मे लोक कागल-कोल्हापूरकडे, निम्मे निपाणी-चिक्कोडीकडे. महाराष्ट्रात नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च केलं की इंडेक्स टू (दस्ताचा गोषवारा) दिसतं, भरपूर माहिती मिळते. मग कोल्हापूर आणि चंदगडच्या नोंदींवर मॉडेल शिकवून बेळगावला वापरलं तर? शिनोळी आणि बेळगाव यांत अंतर ते काय!

लॉग_स्केल

अंतर थोडं, पण मधे राज्याची हद्द आहे आणि कायदे दोन. कर्नाटकाने २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यात दुरुस्ती करून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायची मुभा दिली. महाराष्ट्रात अजून शेतकरी असल्याचा दाखला लागतो. म्हणजे हद्दीच्या अलीकडच्या शेताला गिऱ्हाईक बेंगळुरूपर्यंतचं आणि पलीकडच्या शेताला फक्त शेतकरी. तिकडचा सरकारी दर रेडी रेकनरमधला, तक्ता १ एप्रिलपासूनचा. इकडचा गायडन्स व्हॅल्यूचा, तारखा वेगळ्या. तिकडची पाटी इकडच्या बैलाला लावल्यासारखं होईल, दुरुस्त करणं आणखी अवघड.

निर्णयवृक्षांची एक मर्यादाही लक्षात ठेवा. रँडम फॉरेस्ट शिकताना बघितलेल्या सर्वांत मोठ्या किमतीच्या वर जाऊच शकत नाही, कारण शेवटी सरासरी जुन्याच नोंदींची. रिंगरोडची नुसती बातमी आली तरी भाव चढतात. जुन्या दस्तांवर शिकलेल्या झाडांना तो चढलेला भाव कुठून दिसणार?

येळ्ळूर_शिवार

रस्त्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमिनी जाऊलालेत म्हणून आमच्या भागातले शेतकरी किती वर्षं कोर्टकचेऱ्या करूलालेत, सगळ्यांना माहिती हाय. तिथंबी भांडण भावाचंच. भरपाई धरताना दस्तांतल्या किमती बघतात. दस्तात कमी लिहिलेलं, मग भरपाईबी त्यावरच मोजायची. बासमती पिकणारी काळी जमीन, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली, आणि कागदावर तिची किंमत कुणीतरी मुद्रांक वाचवायला लिहिलेली. ज्यानं विकली त्याचा फायदा झाला, ज्यानं कधीच विकली नाही त्याचं नुकसान. उद्या हे मॉडेल सरकारनं भरपाईला वापरलं आणि कॉम्प्युटरनं काढलंय म्हणून सांगितलं, तर आम्ही वाद कुणाशी घालायचा?

दुसरे_गेट

शिवारभाऊंशी सहमत. आणि दस्तात न लिहिता वरचे पैसे घेणाऱ्यांनी ऐकून ठेवा, जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. दंड तेवढ्याच रकमेचा. मी माझ्या पार्ट्यांना बँकेतूनच व्यवहार करायला सांगतो. पूर्ण रक्कम दस्तात लिहिणारे आता वाढलेत, कारण कर्ज मोठं हवं असतं.

लॉग_स्केल

@दुसरे_गेट, ही फार कामाची गोष्ट बोललात! बँकेचं कर्ज काढून घेतलेल्या घरांचे दस्त खऱ्या किमतीच्या जास्त जवळ असतात. भाच्याने एक रकाना वाढवावा: कर्ज होतं की नाही. ईसीवर गहाणाची नोंद दिसते. मग फक्त त्या दस्तांवर मॉडेल शिकवून बघावं. नोंदी कमी होतील, पण पाटीचा असर उतरेल.

शहापूरची_लेक

धाग्यावर सगळं वाचलं. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

कमी आकडा धरला की नुकसान नेहमी घर सोडून गेलेल्याचं होतं, आणि बहुतेक घरांत ती बहीण असते. कर्नाटकात १९९४ पासूनच, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला, केंद्राचा कायदा २००५ मध्ये सुधारला त्याच्या कितीतरी आधी. तरी आमच्याकडे हक्कसोडपत्रावर सही करून साडी-चोळीवर समाधान मानायची रीत चालू आहे. हल्ली मुली सही करत नाहीत, तर सरकारी दराने हिशेब करून पैसे हातावर ठेवतात. माझ्या बाबतीत तसंच झालं. घर दोन वर्षांत विकलं गेलं तेव्हा भाव काय आला ते सगळ्या गल्लीने ऐकलं. मी भावाशी बोलणं तोडलं नाही, पण त्या आकड्याची आठवण प्रत्येक गणपतीत येते.

खासबागकर दादा, तुमच्या बहिणीला हा धागा वाचायला द्या. आणि वाटणीपत्रात एक कलम घाला: अमुक वर्षांच्या आत घर विकलं, तर वाढीव रकमेत तिघांचा वाटा. वकील लिहून देतात.

मूल्यांकक_बेळगाव

ताईंचं कलम उत्तम. असं कलम घालून झालेली वाटणीपत्रं मी पाहिली आहेत.

पहिला_पाऊस

मोठ्या कंपन्यांनाही हे जमलेलं नाही म्हणे? घरांच्या किमतीचा अंदाज सांगणाऱ्या अमेरिकेतल्या झिलो कंपनीबद्दल वाचलं होतं.

लॉग_स्केल

झिलोचा 'झेस्टिमेट', म्हणजे घराच्या किमतीचा अंदाज, २००६ पासून आहे. तो सुधारण्यासाठी त्यांनी १० लाख डॉलरचं बक्षीस लावून स्पर्धा घेतली, आणि जिंकणाऱ्या चमूनेही अनेक मॉडेलं एकत्रच केली होती. पुढे अशाच अंदाजांच्या भरवशावर कंपनी स्वतः घरं विकत घेऊ लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदा बंद करायचं जाहीर केलं, आधीच्या तिमाहीत घरांच्या किमतीपोटी ३० कोटी डॉलरच्या वर तोटा दाखवला आणि सुमारे चतुर्थांश माणसं कमी करायचं ठरवलं. तिथे बहुतेक राज्यांत दस्ताची खरी रक्कम नोंदीत मिळते, घराच्या खोल्या-न्हाणीघरांची नोंद असते, तरी पुढच्या काही महिन्यांत भाव कुठे जाईल ते सांगता आलं नाही.

झेस्टिमेटच्या आकड्याबरोबर अंदाजाचा पट्टा दाखवतात, इथून इथपर्यंत, तो घेण्यासारखा आहे. भाच्याच्या रँडम फॉरेस्टमध्ये शेकडो झाडं असतील. सरासरी सांगून थांबू नकोस म्हणावं, खासबागच्या घराला प्रत्येक झाड काय किंमत देतं ते बघ. टिळकवाडीतल्या ३० बाय ४०च्या प्लॉटवर झाडांचं एकमत होईल, कारण तसे व्यवहार खूप. परसात विहीर आणि मागे मागाचा हॉल असलेल्या घराला झाडं दहा दिशांना जातील. तो पसारा म्हणजेच मॉडेलचं प्रामाणिक उत्तर.

मार्केट_यार्ड

भागांच्या नावांचंही बघा. आमच्या ऑफिसात एका यादीत कंग्राळी बी.के., दुसरीत कंग्राळी बुद्रुक, तिसरीत नुसतं कंग्राळी. खुर्द कुठे गेलं पत्ता नाही. मॉडेल त्यांना तीन वेगळी गावं समजेल. अनगोळचीही इंग्रजीत दोन-तीन स्पेलिंगं आहेत. नावांवर विसंबू नका, नकाशावरचे अक्षांश-रेखांश घाला.

पहिला_पाऊस

बळ्ळारी नाल्याचं अंतर पण घाला. पावसाळ्यात वडगाव-शहापूरच्या मागच्या शिवारात किती पाणी चढतं, ते मे महिन्यात जागा बघणाऱ्याला कळत नाही.

लॉग_स्केल

नाल्याचं अंतर आणि जमिनीची उंची, दोन्ही घाला. आणि तपासणी करताना एकाच गल्लीतली काही घरं शिकवायला आणि काही परीक्षेला असं करू नका. शेजारचं उत्तर बघून लिहिलेल्या पेपरात मार्क चांगलेच येणार. अख्खा भाग बाजूला ठेवा: अनगोळ पूर्ण झाकून बाकीच्यांवर शिकवा आणि मग अनगोळचे भाव ओळखायला लावा.

दुसरे_गेट

भाव ठरला की कुंदा विसरू नका. तो रकाना मॉडेलमध्ये नसला तरी चालेल.

खासबागकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याने रात्रीच आलेख काढला. ऑक्टोबर २०२३ ला पायरी स्पष्ट दिसते. त्यालाच इतकं नवल वाटलं की सकाळी तो स्वतः मामाकडे लॅपटॉप घेऊन गेला. भाऊ बराच वेळ बघत होता. सरकारी दराचा आकडा धरायचा नाही, हे त्याने मान्य केलंय.

आता असं ठरतंय. गहाण असलेल्या दस्तांवर मॉडेल पुन्हा शिकवायचं आणि एका आकड्याऐवजी पट्टा घ्यायचा. मूल्यांककांकडून वाटणीसाठी वेगळा रिपोर्ट, त्यात भाड्यावरून काढलेली किंमतही. दोन्ही जिथे एकमेकांवर येतात त्या भागात तिघांनी बसून आकडा ठरवायचा. शहापूरच्या ताईंनी सांगितलेलं कलम बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कलम हवंच, आणि मुदत पाच वर्षांची हवी.

एक अडचण उरली. भाच्याकडे खासबागचे कर्जवाले दस्त फार थोडे आहेत. मागाच्या हॉलसकट घराचा व्यवहार बँकेमार्फत केलेला कुणाच्या माहितीत आहे का? नाव-पत्ता नको. क्षेत्रफळ, साल, रस्त्याची रुंदी आणि पूर्ण रक्कम, एवढं पुरे.

वडगाव_पेठ

माझ्या काकांनी पतसंस्थेचं कर्ज काढून असंच घर घेतलंय, खाली माग आणि वर राहतं घर. पूर्ण रक्कम दस्तात आहे. त्यांना विचारून संध्याकाळपर्यंत व्यनि करतो. भाच्याला सांगा, माग चालू स्थितीत होते आणि त्यांची किंमत वेगळी धरली होती, ती वजा करूनच आकडा घाल.